आमच्याच गिझरला चोर ठरवून ४६,५४९ रुपये नेले

मी अठ्ठावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. खोटी व्हाउचरं, टॅक्सीची फुगवलेली बिलं, एकाच पावतीवर दोनदा उचललेले पैसे, सगळं नजरेनं पकडलंय. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला बावळट म्हणणार आहात. बायकोनं म्हणून झालंय.

आकडे पहिले. व्हिजिट चार्ज ३५० रुपये. ‘फायरवॉल बॉक्स’ ७,४९९. तिसऱ्या दिवशी खात्यातून १९,८५० आणि लगोलग १८,८५०. एकूण ४६,५४९.

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोठ्या संकुलात आम्ही राहतो, मजला नववा. संध्याकाळी सात वाजले की नेट रांगायला लागायचं. सोसायटीच्या ग्रुपवर मी कुरकुर केली, तर कोणीतरी लगेच एक नंबर टाकला. ‘वायफायवाला, चांगला माणूस आहे.’ ज्यानं टाकला त्याला तो माणूस माहीत नव्हताच, त्यालाही दुसऱ्या कुठल्या ग्रुपवरून मिळालेला. हे मला नंतर कळलं.

शनिवारी सकाळी पोरगा आला. पंचविशीचा, गळ्यात ओळखपत्राची दोरी, ओळखपत्र उलटं. बोलायला गोड. मोबाईलवर एक अ‍ॅप उघडून माझ्यासमोर धरलं. रंगीत डोंगर, एकावर एक चढलेले. “काका, मोजा. एकतीस. एवढे लोक तुमच्या नेटवर बसलेत.”

मी मोजले. खरंच एकतीस होते.

ते एकतीस शेजाऱ्यांचे आपापले राउटर होते, माझ्या नेटवर बसलेले लोक नव्हे! भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात म्हणून शेजारी आपल्या ताटात जेवत नसतो. पण त्या क्षणी डोळ्यांना डोंगर दिसत होते आणि कानाशी तो पोरगा. वर म्हणाला, “काका, दोन हजार आठ आठवतं ना? अहमदाबादचे स्फोट?” आठवत होतं. स्फोटांआधीचा तो ईमेल सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसामागे चौकशीचा ससेमिरा लागला होता. पेपरात मी स्वतः वाचलेलं. खऱ्या गोष्टीत खोटं कालवलं की गिळायला सोपं जातं.

मग त्यानं राउटरचं पान उघडलं. १९२.१६८.१.१, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. पाच वर्षं मी तो बदललेला नव्हता. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आत शिरायचा वेगळा, हेच मला ठाऊक नव्हतं. तुमचा आजच बघा. आत जोडलेल्या वस्तूंची यादी होती, नऊ नावं. त्यातल्या एकावर बोट ठेवून म्हणाला, “हा ईएसपी कोण? तुमच्या घरात कोणी ईएसपी आहे? हाच चोर.” आणि केला ब्लॉक.

आता नीट वाचा. मिनिटही झालं नसेल, बाथरूमच्या दारातून हिचा आवाज, “अहो, गिझर मोबाईलवरून लागत नाहीये!”

रात्री डोळा मिटला की हे वाक्य ऐकू येतं. गिझरला मुलीनं दिवाळीत तो मोबाईलवर चालणारा प्लग बसवून दिलाय. त्यातल्या चिपमुळे तो राउटरच्या यादीत ईएसपी अशा नावानं दिसतो. चोर पकडला आणि गिझर बंद पडला, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर, एकाच मिनिटात. तरी मी दोन आणि दोन चार केले नाहीत! पोरगा पापणी न हलवता म्हणाला, “बघा काका, गिझरपर्यंत पोचलेत.” आणि मी मान डोलावली. हिनं गॅसवर पाणी तापवलं.

बाकीचे ‘चोर’ कोण होते? टीव्ही, जुना टॅब, आमचे दोघांचे फोन. फोन हल्ली वायफायला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळखक्रमांक) न देता बनावट देतात, म्हणून यादीत अनोळखी दिसतात. ओळखायचे तर एकेक वस्तू बंद करा आणि यादीतून काय गळतं ते बघा. दहा मिनिटांचं काम, फुकट.

त्यानं पांढरी डबी भिंतीत खोचली, नेटवर्कचं नाव लपवलं (‘स्टेल्थ मोड’ म्हणे), आणि नेट खरंच पळायला लागलं. इथे मी पुरता अडकलो. पळालं का, ते भाच्यानं नंतर सांगितलं. आमचा राउटर सहा नंबरच्या चॅनलवर (वायफायच्या लहरींची मार्गिका) होता आणि अर्धी बिल्डिंगही सहावरच. त्या पोरानं अकरावर नेला. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एक, सहा, अकरा एवढेच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. त्यातला मोकळा निवडायचा, आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाकायचा. ते भिंतीपलीकडे फार जात नाही, म्हणून शेजाऱ्यांची गर्दीही कमी. डबी म्हणजे साधा रेंज वाढवायचा एक्स्टेंडर निघाला. आणि नाव लपवून कोणी लपत नाही, नेटवर्क तसल्याच फुकट अ‍ॅपमध्ये नावाविना दिसतंच.

सोमवारी फोन. “काका, बॉक्सचं लायसन्स पेंडिंग आहे, फक्त पाच रुपये.” एक अ‍ॅप टाकायला लावलं, स्क्रीन त्याला दिसू लागली. पाच रुपयांसाठी मी डेबिट कार्डाचा नंबर भरला. ओटीपी मी सांगितला नाही, शपथेवर सांगतो! तो त्यानं माझ्या स्क्रीनवरून वाचला. दोनदा.

बँकेत गेलो. काउंटरवरचा म्हणाला सायबरला जा. मॅनेजर म्हणाले, ओटीपी वापरला गेलाय, म्हणजे तुमचा निष्काळजीपणा. रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, असं त्यात आहे. पण माझे दोन्ही व्यवहार कळवण्याआधीचे, चार मिनिटांत उरकलेले. मॅनेजरांनी कागद वाचलासुद्धा नाही, चष्मा शोधत राहिले. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी म्हणे फोन आला तेव्हा तुम्ही कुठे होतात? भाजी आणायला. मग ती हद्द आमची नाही. हद्द! पैसे काय रिक्षानं गेले? १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवायची असं स्पष्ट आहे. ते दाखवलं तर हवालदार म्हणाला, “एवढं कळतं तर फसलात कसे?” तिथल्या बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा पेन्शनचे दोन लाख गेले म्हणून चार दिवस येत होते. त्यांना निदान पाणी विचारत होते.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तो पहिल्या तासात करायचा असतो, तेव्हा पैसे वाटेत गोठवता येतात. मी मात्र तो तास बायकोपासून लपवण्यात घालवला.

राउटरवर डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता वस्तू जोडायची सोय) बटण असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे अकरा हजार प्रयत्नांत फुटतो, आणि हे २०११ पासून जगजाहीर आहे. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा ३ ठेवा. प्लग-बिग गेस्ट नेटवर्कवर (राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) टाका. आणि घरी आलेल्याचं ओळखपत्र हातानं सुलटं करून वाचा, लाजू नका.

काल बी विंगच्या एका बाईंनी ग्रुपवर विचारलं, कोणी वायफायवाला माहितीये का? पाच मिनिटांत तोच नंबर, तेच ‘चांगला माणूस आहे’. मी खाली लिहिलं, या माणसानं मला ४६,५४९ ला बुडवलंय. त्यावर एकाचं उत्तर आलं, “पण काका, नेट फास्ट झालं होतं ना?”