वीजतारांच्या चॅनलचं मॉडेल: मोजमापावरचं घ्यावं की वायरिंगवरचं?

घरातल्या विजेच्या तारांवरून डेटा पाठवणाऱ्या मोडेमवर प्रकल्प करणाऱ्यांचा पहिला आठवडा याच प्रश्नात जातो. चॅनल म्हणजे सिग्नलची तारांमधली वाट, आणि त्या वाटेत सिग्नलचं काय होतं ते सांगणारं गणित म्हणजे मॉडेल.

मोजमापावरची पद्धत मानफ्रेड झिमरमान आणि क्लाउस डोस्टर्ट या संशोधकांनी 2002 मध्ये मांडली. तारेला फाटा फुटतो तिथून सिग्नलचा काही भाग परततो, त्यामुळे एकच सिग्नल निरनिराळ्या लांबीच्या वाटांनी मागेपुढे पोचतो. प्रत्येक वाटेला एक वजन, एक लांबी आणि वारंवारतेबरोबर वाढणारी घट दिली, की 500 किलोहर्ट्झ ते 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोजलेल्या आलेखाशी जुळणारा आलेख मिळतो. आंद्रेआ तोनेल्लो यांनी पुढे वाटांची संख्या आणि वजनं यादृच्छिक केली. त्यामुळे संगणकावर हवे तितके चॅनल झटपट तयार होतात. पण हे आकडे ज्या तारांवर मोजले त्यांचेच असतात. शिवाय एकाच घरातल्या दोन सॉकेटांचं आपसातलं नातं त्यात उरत नाही.

वायरिंगवरच्या पद्धतीत केबलचा प्रकार, लांबी, फाटे आणि प्रत्येक टोकाला जोडलेलं उपकरण माहीत असावं लागतं. प्रत्येक तुकड्याचा एक छोटा मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) मांडायचा आणि गुणाकार करत जायचा. काम किचकट आहे, पण कारण दिसतं, आणि मला हेच फार मोलाचं वाटतं. समजा पाच मीटरचा एक फाटा आहे, टोकाच्या सॉकेटमध्ये काहीच लावलेलं नाही आणि तारेतला वेग प्रकाशाच्या निम्मा आहे. मग 7.5 मेगाहर्ट्झला तो फाटा पाव तरंगलांबीचा ठरतो आणि तिथे सिग्नल खोल बुडतो, 22.5 ला पुन्हा. त्याच सॉकेटमध्ये चार्जर खोचला की खड्डा सरकतो किंवा उथळ होतो. घराचा नकाशाच यादृच्छिक घेऊन हेच गणित तोनेल्लो आणि वेर्सोलात्तो यांनी 2011 मध्ये केलं.

एकच रिसिव्हर तपासायचा असेल तर पहिली पद्धत पुरते. रिले (सिग्नल मध्येच घेऊन पुढे पाठवणारं यंत्र) किंवा एकाच घरातले अनेक मोडेम असतील तर दुसरीच घ्या, वेळ लागला तरी. कोणतीही घेतलीत तरी एक पडताळा करा. स्तेफानो गाल्ली यांनी दाखवलं आहे, की चॅनलची सरासरी घट डेसिबलमध्ये मांडली तर साधारण घंटाकृती वितरण मिळतं आणि घट जास्त तिथे विलंबाचा पसाराही (निरनिराळ्या वाटांनी सिग्नल पोचण्याच्या वेळांतला फरक) जास्त असतो. तुमच्या चॅनलांत हे दिसलं नाही, तर आकडे पुन्हा तपासा.

गोंगाटाकडे मात्र दोन्ही पद्धतींत दुर्लक्ष होतं, आणि याची मला खरी काळजी वाटते. साधा गॉसियन गोंगाट (सतत एकसारखी यादृच्छिक खरखर) धरून काढलेला त्रुटिदर (चुकीच्या पोचलेल्या बिटांचं प्रमाण) प्रत्यक्षापेक्षा फार गोड दिसतो. मिक्सर, डिमर, स्विच यांचे झटके गटागटाने येतात. झिमरमान-डोस्टर्ट यांनी त्यासाठी मार्कोव्ह साखळी वापरली, म्हणजे पुढची स्थिती आत्ताच्या स्थितीवरून ठरवणारं गणित; झटक्यांच्या गोंगाटाचं मिडलटनचं क्लास-ए मॉडेल सोपं आहे, पण एका झटक्यामागून दुसरा येण्याची स्मृती त्यात नाही. 50 हर्ट्झच्या विजेबरोबर कित्येक उपकरणांचा प्रतिबाध (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) सेकंदाला 100 वेळा बदलतो. तुमची डेटा-फ्रेम (एका वेळी पाठवलेला डेटाचा गठ्ठा) 10 मिलिसेकंदांपेक्षा लांब असेल, तर चॅनल स्थिर धरू नका.