शॉर्टी पॅकचे आठ महिने आणि न बसणारा स्ट्रॅप

रविवारी रिमोटच्या गाड्यांच्या रेसमध्ये दुसऱ्या हीटआधी (हीट म्हणजे एक फेरी) बॅटरी पॅक दाबून धरणाऱ्या स्ट्रॅपच्या स्क्रूचे शेवटचे दोन आटे बसेनात. खाली खडा अडकला असेल म्हणून पॅक बाहेर काढला, टेबलावर ठेवला, बोटानं टिचकी मारली. गडी भोवऱ्यासारखा फिरला! पोट सुटलं होतं. टेकवरच्या (गाड्या नियमात बसतात का ते तपासतात तिथल्या) पोरानं कॅलिपर लावला : २५.६ मिमी. मर्यादा २५.१. "काका, हा नाही चालायचा." अर्ध्या मिलीमीटरसाठी हीट गेली.

पॅक टू-एस (दोन सेलचा) शॉर्टी, म्हणजे आखूड लायपो (लिथियम-पॉलिमर), सहा हजार एमएएचचा, एचव्ही (जादा व्होल्टेजपर्यंत भरता येणारा). गाडी टू-व्हील बगी, मोटर १७.५ टर्नची, क्लास ब्लिंकी. बाकी स्पेक्स तुम्हाला पाठ असतील.

आधी चांगलं सांगतो. पहिले सहा महिने पॅक जबरदस्त होता. कोपऱ्यातून निघताना जो झटका पहिल्या लॅपला, तोच शेवटच्या लॅपला. ब्लिंकीत ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) टायमिंगची जादा ढकल देत नाही, मोटरी सगळ्यांच्या सारख्याच. मग फरक पडतो तो लोडखाली व्होल्टेज किती टिकतो यानं. आयआर (सेलचा अंतर्गत रोध, कमी तितका बरा) पॅक नवा असताना सेलमागे दीड मिलीओम दाखवायचा, आता अडीचच्या पुढे गेलाय.

पण एचव्हीचे जादा पैसे मला अजून खुपतात. हा सेल ४.३५ व्होल्टपर्यंत भरता येतो, म्हणजे पॅक ८.७०. आमचा नियम मात्र ८.४०. लेबलवरचे सहा हजार आत जाणारच नाहीत, तर मी पैसे कशाचे मोजले? त्यात पाच मिनिटांच्या हीटनंतर चार्जर परत भरतो जेमतेम सतराशे. मोठा पॅक घ्यायचा तो क्षमतेसाठी नाही, व्होल्टेज कमी उतरावा म्हणून, हे कळतं. तरी खिशाला कळत नाही. (८.४० ची गंमत वेगळीच. माझ्या चार्जरवर ८.४०, टेकच्या मीटरवर ८.४३. तेव्हापासून ८.३८ ला थांबतो. लॅपटाइममध्ये काडीचा फरक नाही.)

तर फुगवटा. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "फुगणं वॉरंटीत येत नाही." माझं डोकं फिरलं. तीन लांबलचक मेसेज टाकले, त्यांतला एक रात्री एक वाजता. त्यानं शांतपणे विचारलं, स्टोरेज चार्ज (ठेवून देताना सेल अर्धवट भरलेला ठेवणं) करता का? करतो म्हणून ठणकावलं आणि पुरावा द्यायला चार्जरचा लॉग उघडला.

आठ महिन्यांत स्टोरेज चार्ज तीन वेळा.

इथे माझा आवाज खाली आला. हीट संपते तेव्हा पॅकमध्ये अजून दोनतृतीयांशाहून जास्त जीव असतो. "वापरलाय की" म्हणून मी तसाच डब्यात टाकतो. सेल ३.८० च्या आसपास झोपायला हवा, माझे चारला टेकून आठवडाभर जागे. एकदा तर पावसानं फायनल रद्द झाली आणि काठोकाठ भरलेला पॅक पंधरा दिवस बंद गाडीच्या डिकीत, उकाड्यात पडून होता. भरलेला सेल आणि उष्णता एकत्र आली की इलेक्ट्रोलाइट विघटित होतं, वायू तयार होतो, आतलं पाकीट फुगतं. वरचं कडक प्लास्टिक किती दाबून धरणार?

म्हणून हा रिव्ह्यू लिहायला बसताना पॅकला एक तारा द्यायचं ठरवलं होतं, ते तीनवर आणतो. चारवर मात्र नाही. कारण माझा दुसऱ्या कंपनीचा जुना पॅक याच डब्यात, याच आळसात राहिलाय आणि आज सकाळी २५.० भरला. साधा, एचव्ही नसलेला, लेबल निम्मं उडालेलं. आता रेस त्याच्यावरच करतो.

फुगलेला पॅक निदान प्रॅक्टिसला वापरावा हा माझा चिक्कूपणा शेजारच्या पिटवाल्यानं हाणून पाडला आणि त्याचं बरोबर होतं. माळ्यावरून निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्यांच्या काळातली डिस्चार्ज पाटी काढली, मोटारीच्या टेललाइटचे बल्ब लावलेली. तेव्हा पॅक असे उतरवून ठेवायचो. लायपो आल्यावर ती अडगळीत गेली होती. पॅक अंगणात वाळूच्या बादलीत ठेवून लांबून वायर जोडली. बल्ब दोन तास पिवळे, मग तांबूस, मग नुसती तार लाल. व्होल्टेज शून्यावर आला की पॅक ई-कचऱ्यात.