क्लाउड फायरवॉल घेताना आम्ही कसे फसलो, पैसे देण्याआधी सिरियल नंबर तपासा

नमस्कार. मी कोल्हापूरला गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघते, आणि लहान कंपनीत जसं असतं तसं कॉम्प्युटर, प्रिंटर, इंटरनेट हे पण माझ्याकडेच आहे. आमचं दुसरं युनिट कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत आहे. दोन्हीकडे मिळून साधारण पन्नास माणसं, टॅलीचा सर्व्हर शिरगावला आणि कागलची मुलं तिथून त्यावर एंट्री करतात. फायरवॉल म्हणजे ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणारा बॉक्स, आणि त्याची सेटिंग इंटरनेटवरच्या खात्यातून सांभाळली जात असतील तर तो क्लाउड फायरवॉल. गेल्या वर्षी अशा फायरवॉलच्या नावाखाली आमची 3 लाख 37 हजारांची फसवणूक झाली, आणि ती कशी झाली ते मी सगळं लिहिणार आहे कारण आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांनाच हे लोक गाठतात.

सुरुवात अशी झाली की पुण्याच्या एका मोठ्या कस्टमरने सगळ्या सप्लायरना सायबर सिक्युरिटीची प्रश्नावली पाठवली. तुमच्याकडे फायरवॉल आहे का, लॉग (नेटवर्कवर कोणी काय केलं त्याच्या नोंदी) किती दिवस ठेवता, बाहेरून लॉगिन करताना ओटीपी लागतो का, असे चाळीसेक प्रश्न. आमच्याकडे तेव्हा इंटरनेटवाल्याने दिलेला साधा राउटर, बाकी काही नाही. दादा (आमचे मालक, सगळे त्यांना दादाच म्हणतात) म्हणाले, ऑर्डर जायला नको, काय लागेल ते घ्या. मग तीन कोटेशन मागवली. दोन साडेचार लाखाच्या वर होती आणि तिसरं, असोसिएशनच्या कार्यक्रमात ओळख झालेल्या एका पुण्याच्या व्हेंडरचं, 2,86,000 अधिक जीएसटी. दोन बॉक्स, तीन वर्षांचं लायसन्स, दोन्ही युनिट व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरूनच पण सुरक्षित खाजगी लाइनने, जोडून देणार, वर सपोर्ट फ्री.

एवढा फरक का, हे मी विचारलं होतं. तो म्हणाला, मॅडम आम्ही गोल्ड पार्टनर आहोत, क्वार्टर एंड आहे, कंपनीकडून स्पेशल रेट मिळालाय. मला ते पटलं. आता कळतंय की क्लाउडवरच्या फायरवॉलमध्ये खरा खर्च लायसन्सचा असतो, तीन वर्षांचं घेतलं तर बऱ्याचदा ते बॉक्सच्या किमतीच्या वर जातं. कोटेशनमध्ये त्याने दोन्ही एका ओळीत लिहिलं होतं, 'क्लाउड फायरवॉल सोल्यूशन विथ लायसन्स', आणि मी बॉक्स किती, लायसन्स किती, लायसन्सचा पार्ट नंबर काय, हे वेगळं मागितलंच नाही. मागितलं असतं तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं, कारण लायसन्स त्याने विकत घेतलंच नव्हतं.

डेमो मात्र जबरदस्त दिला. लॅपटॉपवर डॅशबोर्ड उघडून दाखवला, नकाशावर हिरवे ठिपके, कुठल्या पीसीवर कोण काय बघतंय त्याचा ग्राफ, क्लिक केलं की यूट्यूब बंद. दादा खुश झाले आणि 60 टक्के ॲडव्हान्स आरटीजीएसने गेला. त्या डॅशबोर्डवर वरच्या कोपऱ्यात त्याच्या कंपनीचं नाव होतं, ते मी बघितलं पण त्याचा अर्थ मला कळला नाही.

19 ऑगस्टला इंजिनिअर बॉक्स घेऊन आला. खोक्यावर सील होतं पण टेप दोनदा लावलेली, खालच्या जुन्या टेपचा पुठ्ठा थोडा सोललेला. बॉक्स बाहेर काढल्यावर हवेच्या जाळीत बारीक धूळ दिसली, म्हणजे वर्ष-सहा महिने कुठेतरी चालू असलेल्या मशीनला असते तशी, आणि मागच्या स्टिकरचा एक कोपरा उचललेला होता. मी इंजिनिअरला दाखवलं, तो म्हणाला गोडाऊनमध्ये होता मॅडम. मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला, नंतर हाच फोटो वकिलांना सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

सेटअप दीड दिवसात झाला. मी लॉगिन मागितलं तर त्याने मला रीड ओन्ली दिलं, म्हणजे फक्त बघता येईल, बदलता काही येणार नाही. कारण काय तर चुकून काही बदललं तर नेट बंद पडेल आणि आम्हीच मॅनेज करतो ना. त्याच आठवड्यात मी सहज डॅशबोर्ड चाळत होते तर डिव्हाइसच्या यादीत जुनी नावं दिसली, 'रिसेप्शन पीसी', 'एक्सरे रूम', 'फार्मसी 2'. आमच्याकडे कसली एक्सरे रूम? फोन केला तर म्हणाला ती टेम्प्लेटमधली नावं आहेत, डिलीट करतो, आणि संध्याकाळपर्यंत यादी साफ झाली. त्या दिवशी मी त्या स्क्रीनचा फोटो काढला नाही याची मला फार हळहळ वाटते. ते बॉक्स आधी कुठल्यातरी दवाखान्यात चालून आले होते.

दुसरी खूण तर माझ्या रोजच्या कामातली होती. बिल ऑगस्टचं, म्हणजे 14 सप्टेंबरला आमच्या जीएसटीआर 2बी मध्ये (सप्लायरने भरलेली बिलं आणि आपल्याला मिळणारं जीएसटी क्रेडिट दाखवणारं स्टेटमेंट) दिसायला पाहिजे होतं, दिसलं नाही. फोन केला, 'आमच्या सीएकडून राहिलं, पुढच्या महिन्यात भरतो.' ऑक्टोबरलाही नाही. 51,480 रुपयांचं क्रेडिट अडकलं आणि मी फक्त आठवण करत राहिले. इतर कुठल्या पार्टीने असं केलं असतं तर मी पेमेंट रोखलं असतं, पण इथे उरलेले 40 टक्के आम्ही इन्स्टॉलेशन झाल्या झाल्या देऊन बसलो होतो. आणि बिलावर काय लिहिलेलं? 'नेटवर्क डिव्हाइस, 2 नग' आणि 'सर्व्हिसेस'. सिरियल नंबर नाही, लायसन्सची मुदत नाही.

17 नोव्हेंबर, सोमवार. सकाळी आल्या आल्या गेटवरून फोन, मॅडम ई-वे बिल निघत नाही. दोन्ही युनिटचं नेट बंद, कागलला टॅली उघडत नाही, गेटवर माल भरलेल्या दोन गाड्या उभ्या. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एक-एक बिल काढलं, तोपर्यंत अकरा वाजून गेले. डॅशबोर्डवर लाल पट्टी होती, लायसन्स संपलं आहे. तीन वर्षांचं लायसन्स तीन महिन्यांत कसं संपलं? व्हेंडरला नऊ वेळा फोन, उचलला नाही, इंजिनिअरचा नंबर बंद. दुपारी शेवटी आमच्या इथल्या केबलवाल्या मुलाने फायरवॉल बाजूला काढून जुना राउटर परत जोडून दिला.

मग मी बॉक्स बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या सपोर्टला फोन केला. त्यांनी सिरियल नंबर विचारला, दोन मिनिटं शांतता, आणि मग त्या मुलीने सांगितलं की हा डिव्हाइस तुमच्या कंपनीच्या नावावर नाही, दुसऱ्या संस्थेच्या खात्यात आहे, आणि हे युनिट विक्रीसाठी दिलेलंच नाही, डेमोसाठी दिलेलं आहे. त्यावर होतं ते 90 दिवसांचं ट्रायल लायसन्स. दुसऱ्या बॉक्सचंही तेच. आम्ही आमच्या पैशाने नवीन लायसन्स घेऊन यावर टाकू का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. ज्याच्या खात्यात सिरियल आहे त्याने तो सोडल्याशिवाय तुम्हाला तो तुमच्या खात्यात घेताच येणार नाही. म्हणजे पैसे आमचे, बॉक्स आमच्या रॅकमध्ये, आणि चालवायचा की नाही हे ठरवणार तो व्हेंडर.

माझा मावसभाऊ हिंजवडीला नेटवर्कमध्येच काम करतो, त्याला त्या रात्री माझं रीड ओन्ली लॉगिन दिलं. त्याने नियमांची यादी उघडली आणि मला म्हणाला, ताई यात फायरवॉल असं काही केलेलंच नाही गं. पहिलाच नियम, आतून बाहेर सगळ्यांना सगळं चालू. आयपीएस, म्हणजे हल्ले ओळखून अडवणारी तपासणी, बंद. आणि टॅलीच्या सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या जागेवरून सर्व्हर चालवायची सोय), पोर्ट 3389, सरळ इंटरनेटवर उघडा, जगातल्या कुणालाही. तो दरवाजा आमच्या जुन्या राउटरवर नव्हता, या इंजिनिअरने स्वतःच्या सोयीसाठी उघडून ठेवला होता! ॲडमिनच्या यादीत पाच नावं, एकालाही टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरचा ओटीपी, नाही. सर्व्हर रॅन्समवेअरमध्ये (डेटाला कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस) गेला नाही ही देवाची कृपा, दुसरं काय म्हणू. त्याच रात्री सर्व्हरचे सगळे पासवर्ड बदलले.

भावाने अजून एक समजावलं. कोटेशनमध्ये '3 जीबीपीएस' असं मोठ्या अक्षरात होतं, तो आकडा काहीही न तपासता नुसतं पुढे ढकलायचा वेग असतो. खरा बघायचा आकडा म्हणजे सगळी तपासणी चालू ठेवल्यावरचा, डेटाशीटवर तो थ्रेट प्रोटेक्शन नावाने असतो. त्याने उदाहरण म्हणून फोर्टिगेट 40एफ चं डेटाशीट दाखवलं, पहिला आकडा 5 जीबीपीएस आणि थ्रेट प्रोटेक्शन 600 एमबीपीएस. आकडे लपवलेले नसतात, तिथेच छापलेले असतात, व्हेंडर आपल्याला पहिलाच वाचून दाखवतो. आणि लायसन्स संपल्यावर काय होतं हेही प्रत्येक कंपनीचं वेगळं. काहींचा बॉक्स चालू राहतो, फक्त नवीन धोक्यांचे अपडेट येणं थांबतं. काहींचं, जसं सिस्कोच्या मेराकी फायरवॉलच्या को-टर्म पद्धतीत (सगळ्या लायसन्सची मुदत एकाच तारखेला संपते), 30 दिवस सवलत देतात आणि मग नेटच बंद. हा प्रश्न मी तिन्ही व्हेंडरपैकी एकालाही विचारला नव्हता.

कस्टमरच्या प्रश्नावलीत मी 'लॉग 180 दिवस ठेवतो' याला हो लिहून सही केली होती, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल 2022 चे निर्देश तसे आहेत, लॉग भारतातच ठेवायचे आणि सायबर घटना घडली तर 6 तासांत कळवायची. व्हेंडर म्हणाला होता सगळं क्लाउडवर राहतं. बघायला गेलो तर महिनाभराच्या मागचं काही नव्हतं, आणि चार दिवसांनी माझं लॉगिनही बंद झालं. कस्टमरला मी स्वतः फोन करून खरं सांगितलं. ते चांगले होते, 60 दिवसांची मुदत दिली, पण खोट्या कागदावर माझी सही होती हे मनातून जात नाही.

क्लाउड फायरवॉल वाईट असं मी म्हणत नाही, आम्ही परत तोच प्रकार घेतलाय, कारण दोन युनिट एका जागेवरून बघता येतात आणि क्लाउडशी संपर्क तुटला तरी बॉक्स शेवटच्या सेटिंगवर चालत राहतो. पण आपल्या कंपनीचे सगळे दरवाजे कुठे आहेत ते त्या खात्यात लिहिलेलं असतं, ते खातं दुसऱ्याच्या हातात देऊ नका. मोठ्या कंपन्यांकडूनही चूक होते. सप्टेंबर 2025 मध्ये कळलं की सोनिकवॉल या फायरवॉल कंपनीच्या क्लाउडवर ठेवलेल्या, ग्राहकांच्या फायरवॉल सेटिंगच्या बॅकअप फाइल्स बाहेरच्यांनी काढल्या, कंपनी आधी 5 टक्क्यांहून कमी ग्राहक म्हणाली आणि ऑक्टोबरमध्ये सांगितलं की ती बॅकअप सेवा वापरणारे सगळेच. मग पाच जणांचं विनाओटीपी लॉगिन असलेल्या व्हेंडरच्या भरवशावर आपण किती राहायचं?

यावेळी खातं मी कंपनीच्या ईमेलवर स्वतः उघडलं, ओटीपी माझ्या आणि दादांच्या मोबाईलवर. व्हेंडर पार्टनर आहे का हे त्याच्या कार्डावरून नाही, मूळ कंपनीच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधून आणि सपोर्टला ईमेल करून विचारलं, उत्तर लेखी घेतलं. 20 टक्के ॲडव्हान्स. माल आल्यावर सिरियल नंबर माझ्या हाताने आमच्या खात्यात टाकला, लायसन्सची शेवटची तारीख स्क्रीनवर दिसली, त्याचा स्क्रीनशॉट काढला, मग बाकीचं पेमेंट. बिलावर दोन्ही सिरियल आणि मुदत छापून घेतली. व्हेंडरला ॲडमिन हक्क दिले, पण ते आम्ही दिलेले आहेत, कधीही काढता येतात. नवा व्हेंडर यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणाला नाही.

जुन्या प्रकरणाचं सांगायचं तर ग्राहक मंचात जमत नाही, खरेदी धंद्यासाठी होती म्हणून वकिलांनी आधीच सांगितलं. नोटीस पाठवली, त्यावर त्याने 75 हजार परत केले आणि 'गैरसमज झाला' असं पत्र दिलं. बाकीच्यासाठी पोलिसांकडे फसवणुकीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, अर्ज दिलाय, माझा जबाब झाला. बिलावर सिरियल नसल्यामुळे हेच बॉक्स त्याने दिले हे सिद्ध करायला इन्स्टॉलेशनच्या दिवशीचे फोटो, इंजिनिअरची गेट रजिस्टरमधली सही आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जोडलेत. दोन्ही बॉक्स वकिलांच्या सांगण्यावरून रिसेट न करता कापडात बांधून दादांच्या केबिनमधल्या कपाटात ठेवलेत, स्टिकरचा तो उचललेला कोपरा आहे तसाच आहे.