हुबेहूब दिसणाऱ्या पत्त्यांपासून क्रिप्टो वॉलेट जपताना: हार्डवेअर वॉलेटची स्क्रीन, डॉट ईटीएच नाव, चाचणी व्यवहार की ॲड्रेस बुक?

सीड फ्रेज, म्हणजे क्रिप्टो वॉलेट परत मिळवून देणारे गुप्त शब्द, नीट जपून ठेवली आहे, अनोळखी साइटवर कधी सही केली नाही, म्हणजे व्यवहाराला मंजुरी दिली नाही, तरीही वॉलेटमधले पैसे चोराकडे जाऊ शकतात, आणि तेही आपल्याच हातानं. हुबेहूब दिसणाऱ्या पत्त्यांची फसवणूक, म्हणजे ॲड्रेस पॉयझनिंग, अशीच चालते: आपण ज्याला पैसे पाठवतो त्याच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता चोर बनवतो आणि आपल्या हिस्टरीत, म्हणजे व्यवहारांच्या यादीत, घुसवतो. ही फसवणूक टाळायला लोक साधारण चार मार्ग सुचवतात: हार्डवेअर वॉलेटच्या, म्हणजे सही करणाऱ्या वेगळ्या छोट्या यंत्राच्या, स्क्रीनवर पत्ता वाचून बघणं, पत्त्याऐवजी डॉट ईटीएच नाव, म्हणजे पत्त्याला दिलेलं वाचता येणारं नाव, वापरणं, आधी थोडी रक्कम पाठवून चाचणी घेणं आणि वॉलेटमधली ॲड्रेस बुक, म्हणजे जतन केलेल्या पत्त्यांची यादी. चारही मी वापरले आहेत, आणि त्यातला एक माझ्यापुरता मुख्य ठरवला आहे. तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येकात काय पटलं आणि काय खटकलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढची सगळी तुलना तिच्यावर अवलंबून आहे. वॉलेटमधली हिस्टरी ही आपली खासगी वही आहे असं आपण धरून चालतो, पण त्या वहीत कुणीही ओळ लिहू शकतो. ईआरसी-२० टोकनमध्ये, म्हणजे इथेरियम ब्लॉकचेनवर ठरावीक नियमांनी चालणाऱ्या नाण्यांमध्ये, मालकानं परवानगी दिली असेल तेवढी रक्कम दुसऱ्याला हलवता येते. हलवायची रक्कमच शून्य असेल, तर परवानगीही शून्य चालते. त्यामुळे चोर आपल्या खात्यातून स्वतःच्या पत्त्यावर शून्य रकमेचा व्यवहार नोंदवू शकतो; त्याला ना आपली प्रायव्हेट की, म्हणजे खात्याची गुप्त किल्ली, लागते, ना सही. हिस्टरीत मात्र आपणच पाठवल्यासारखी ओळ उमटते. कधी खऱ्या टोकनची चिमूटभर रक्कम येते, तर कधी यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं टोकन) असंच नाव लावलेलं बनावट टोकन, अगदी आपण नुकत्याच पाठवलेल्या आकड्याइतकं. अशी ओळ दिसली म्हणजे वॉलेट फुटलं असं नाही. धोका असतो तो पुढच्या वेळी त्या ओळीतून पत्ता कॉपी करण्यात.

पत्ता जुळवणं किती सोपं आहे याचा अंदाज असलेला बरा. इथेरियमच्या पत्त्यात सुरुवातीच्या शून्य-एक्स खुणेनंतर ४० अक्षरं असतात आणि प्रत्येक जागी १६ पर्याय. जागा वाचवायला बरीच वॉलेट पुढची-मागची चार-चार अक्षरंच दाखवतात. नवनवे पत्ते बनवत तेवढी आठ जुळवायला सरासरी ४२९ कोटी प्रयत्न लागतात. आकडा मोठा वाटतो, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड हे काम मिनिटांत उरकतं. मे २०२४ मध्ये एका धारकाचे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप), म्हणजे जवळजवळ ७ कोटी डॉलर, अशाच पत्त्यावर गेले. तिथे खऱ्या आणि खोट्या पत्त्याची पुढची चार आणि मागची सहा अक्षरं सारखी होती. चोरानं पुढे बहुतेक रक्कम परत केली, पण तसं सहसा घडत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी इथेरियम आणि बीएनबी स्मार्ट चेनवरचे दोन वर्षांचे व्यवहार तपासले, तेव्हा असे २७ कोटी प्रयत्न आणि किमान ८.३८ कोटी डॉलरचं नुकसान त्यांना आढळलं.

पत्त्यातल्या इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठेपणात दडलेला चेकसम (चूक ओळखण्याची खूण), म्हणजे २०१६ चा ईआयपी-५५ हा नियम, इथे कामाचा नाही. तो टंकताना झालेली चूक पकडतो. चोराचा पत्ता चुकलेला नसतो. तो पूर्ण वैध असतो, फक्त दुसऱ्याचा असतो.

आता हार्डवेअर वॉलेटची स्क्रीन. हा उपाय सगळ्यात भक्कम मानला जातो आणि एका बाबतीत तो आहेच. संगणकात कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारं मालवेअर शिरलं असेल, तर ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या कशावरही भरवसा ठेवता येत नाही. त्या छोट्या यंत्राची स्क्रीन मात्र नेमकं कुठे पैसे चाललेत तेच दाखवते. मोठी रक्कम हलवताना मी आजही तिच्याशिवाय सही करत नाही.

पण ती काय सिद्ध करते हे नीट समजून घ्यायला हवं. संगणक आणि यंत्र एकच पत्ता दाखवतायत, एवढंच तिच्यावरून कळतं. तो पत्ता योग्य माणसाचा आहे का, हे तिला ठाऊक नसतं. हिस्टरीतून विषारी पत्ता उचलला असेल, तर यंत्र तोच विषारी पत्ता प्रामाणिकपणे दाखवणार. आपण तो संगणकावरच्या पत्त्याशी ताडून बघणार, चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळणार, आणि आपण निर्धास्तपणे बटण दाबणार.

माझा निर्णय शेवटी ज्या त्रासानं झाला, तो मात्र याहून साधा आहे. माझ्या यंत्राच्या स्क्रीनवर पत्ता एका वेळी पूर्ण मावत नाही. तुकड्यातुकड्यानं येतो, पुढे जायला बटण दाबावं लागतं. एक नजर यंत्रावर, एक नजर मूळ पत्त्यावर, मधेच कुठे होतो ते हरवतं, की मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या काही वेळा मी हे अक्षर न् अक्षर वाचून केलं. त्याच व्यक्तीला, त्याच पत्त्यावर, पुन्हा पुन्हा पाठवताना डोळे आपोआप पुढच्या चार आणि मागच्या चार अक्षरांवर येऊन थांबू लागले. शिस्त कितीही असली तरी हे होतं, कारण आधीच्या प्रत्येक वेळी पत्ता बरोबरच निघालेला असतो. आणि हल्ला नेमका डोळ्यांच्या याच सवयीवर बेतलेला आहे. प्रत्येक वेळी तेवढंच लक्ष मागणारा उपाय ज्या दिवशी लक्ष कमी पडेल त्याच दिवशी कमी पडणार, हे मला फार खटकलं. इतरांची चिकाटी माझ्यापेक्षा जास्त असेलही. तरी ज्यांना महिन्याला चार-दोन लोकांना नियमित पाठवायचं असतं, त्यांना हा अनुभव येईल असं वाटतं.

पूर्ण पत्ता वाचणं होत नसेल, तर निदान मधली कुठलीतरी पाच-सहा अक्षरं बघा, आणि दर वेळी वेगळी. कुठली बघाल हे चोराला आधी कळू शकत नाही.

डॉट ईटीएच नावांची कल्पना सुंदर आहे. इथेरियम नेम सर्व्हिस २०१७ पासून चालू आहे, पाच किंवा अधिक अक्षरांचं नाव वर्षाला ५ डॉलरमध्ये मिळतं, आणि माणसाला चाळीस अक्षरांपेक्षा एक शब्द कितीतरी लवकर ओळखू येतो. समोरच्याकडे असं नाव असेल तर मी ते आनंदानं वापरतो. अडचण अशी की ज्यांना मी पाठवतो त्यांतल्या बहुतेकांकडे ते नाही, आणि एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, जमा-पत्त्याला तर जवळपास कधीच नसतं. शिवाय इथे फसवणूक संपत नाही, फक्त जागा बदलते: एक अक्षर जास्त, ओ ऐवजी शून्य, एल ऐवजी एक. कुणाचा तरी पूर्ण पत्ताच नाव म्हणून नोंदवून त्यामागे डॉट ईटीएच लावायचं, म्हणजे वॉलेटच्या सुचवणीत तो वर येईल, असेही प्रकार झाले आहेत. नावाचं नूतनीकरण राहिलं तर ९० दिवसांच्या सवलतीनंतर ते दुसऱ्याला घेता येतं. मग तेच ओळखीचं नाव दुसऱ्याच्या पत्त्याकडे जाऊ शकतं. आणि नाव एकदा जाहीर केलं की त्या पत्त्यावरची शिल्लक कुणालाही बघता येते. काहींना त्याचं काही वाटत नाही, मला वाटतं.

चाचणी व्यवहाराबद्दल मी जरा ठामपणे बोलेन, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. नव्या पत्त्यावर आधी थोडी रक्कम पाठवा, पोचली की उरलेली पाठवा. पहिला अर्धा भाग योग्य आहे. पण चोरांचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, साखळीवर (ब्लॉकचेनच्या सार्वजनिक नोंदींवर) लक्ष ठेवून असतात आणि आपला छोटा व्यवहार दिसताच त्या पत्त्याचा जुळा बनवून हिस्टरीत सोडतात. डिसेंबर २०२५ मध्ये एकानं ५० यूएसडीटीची चाचणी घेतली, ती योग्य पत्त्यावर पोचली, आणि काही वेळानं ४,९९,९९,९५० यूएसडीटी जुळ्या पत्त्यावर गेले. त्यानं काळजी घेतली होती. त्या काळजीमुळेच हिस्टरीत कॉपी करण्यासारखी ताजी ओळ तयार झाली. चाचणी घ्यायचीच असेल, तर दुसरा व्यवहार करताना पत्ता मूळ जागेवरूनच पुन्हा घ्यायचा, हिस्टरीकडे वळायचंच नाही. ही अट पाळली तर उपाय चांगला आहे. पण ती पाळायची म्हणजे पुन्हा आपल्या लक्षावरच सगळा भार.

एक्स्प्लोरर, म्हणजे साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइट, आणि वॉलेट आता अशा ओळी लपवतात. त्यातल्याच इथरस्कॅननं एप्रिल २०२३ पासून शून्य रकमेचे टोकन व्यवहार लपवायला सुरुवात केली. मग चोर चिल्लर रकमेकडे वळले. ही गाळणी चालू ठेवा, तिच्यावर विसंबू नका.

राहिली ॲड्रेस बुक. बऱ्याच वॉलेटमध्ये ती सेटिंगमध्ये कुठेतरी आत असते, दिसायला साधी, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मेहनत एकदाच करायची: पत्ता पूर्ण तपासायचा, नाव देऊन जतन करायचा. त्यानंतर पाठवताना यादीतून नाव निवडायचं. कॉपी नाही, पेस्ट नाही, त्यामुळे विषारी ओळीला शिरायला वाटच उरत नाही.

मला यातली जी बाजू सर्वात मोलाची वाटते ती वेगळीच आहे. बाकीचे उपाय डोळ्यांना सांगतात की जवळजवळ सारख्या दोन ओळींतला फरक शोधा. माणसाच्या डोळ्यांना हे जमत नाही, आणि थकल्यावर तर अजिबात जमत नाही. ॲड्रेस बुक वेगळा प्रश्न विचारते: नाव दिसतंय का? खरा पत्ता असेल तर दिलेलं नाव उमटतं. चोराचा जुळा कितीही हुबेहूब असला, तरी वॉलेटच्या दृष्टीनं तो पूर्ण अनोळखी आणि बिननावाचा असतो. चाळीसपैकी एक अक्षर वेगळं असलं तरी नाव उमटत नाही. ताडून बघण्याचं काम यंत्राकडे जातं, आणि ते या कामात कंटाळत नाही.

तिच्या उणिवाही सांगायला हव्यात. यादी बऱ्याचदा त्या एका उपकरणावरच राहते. फोन बदलला किंवा वॉलेट नव्यानं टाकलं की ती पुन्हा भरावी लागते, आणि तीही जुन्या हिस्टरीतून नव्हे. म्हणून मी पूर्ण पत्त्यांची एक प्रत ऑफलाइन ठेवतो. काही वॉलेट पाठवताना नाव दाखवतात पण हिस्टरीत दाखवत नाहीत, तेवढं घेण्याआधी बघून घ्या. आणि ती अडवत नाही, फक्त सांगते: घाईत कुणी यादी टाळून थेट पेस्ट केलं तर ती थांबवणार नाही. अडवणारी सोय हवी असेल तर एक्स्चेंजवरची विथड्रॉवल व्हाइटलिस्ट, म्हणजे पैसे काढायला मंजूर पत्त्यांची यादी, चालू करा. ती चालू असताना यादीबाहेर पैसे जातच नाहीत, आणि काही ठिकाणी नवा पत्ता घातल्यावर एक-दोन दिवस थांबावं लागतं. त्या थांबण्याची चिडचिड होते खरी, पण माझ्या मते ती सोसण्यासारखी आहे. संस्थेचा पैसा असेल तर अनेक सह्यांचं वॉलेट घ्या आणि त्यातही यादी ठेवा, नाहीतर सगळे सह्या करणारे तीच चार-चार अक्षरं बघून होकार देतील.

तुम्ही मुख्यतः बिटकॉइन वापरत असाल तर मी असाच कौल देणार नाही. तिथे पैसे घेणारा दर वेळी नवा पत्ता देतो आणि तशीच पद्धत चांगली मानली जाते, त्यामुळे जतन केलेल्या यादीचा उपयोग कमी. तिथे हार्डवेअर वॉलेटची स्क्रीनच खरी. वर्षातून एखाददुसरा मोठा व्यवहार करणाऱ्यालाही मी स्क्रीनच सुचवेन, कारण इतक्या क्वचित वाचताना डोळे सरावत नाहीत.

नियमित पाठवणाऱ्यांनी मात्र ॲड्रेस बुकपासून सुरुवात करावी, आणि सगळी सावधगिरी त्या पहिल्या नोंदीवर खर्च करावी. समोरच्याकडून पत्ता संदेशानं घ्या, मग फोन करून मधली दहा-बारा अक्षरं त्याच्याकडून वाचून घ्या. हार्डवेअर वॉलेट असेल तर त्याची स्क्रीन याच वेळी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. नावापुढे नेटवर्क लिहा, कारण तोच पत्ता दुसऱ्या साखळीवर त्या माणसाच्या ताब्यात असेलच असं नाही, विशेषतः कॉन्ट्रॅक्ट वॉलेट (साखळीवरच्या प्रोग्रामनं चालणारं) असेल तर. जुन्या नोंदी हिस्टरीतून उचलून भरल्या असतील, तर त्या पुसून अशाच रीतीनं पुन्हा भरा.