बोया बीवाय-एम१: शॉर्टफिल्म करणाऱ्यांसाठी वायरचा कॉलर माइक

मराठवाड्यातल्या नव्या पोरांच्या शॉर्टफिल्म आता दिसायला झकास असतात. मार खातात त्या आवाजात. ‘मी जायलाव’ मधलं शेवटचं ‘व’ वाऱ्यात जातं, ‘काय करायलास?’ अर्धंच ऐकू येतं, आणि ज्या बोलीसाठी गोष्ट इथल्या मातीत घडवली ती बोलीच पडद्यावर पोचत नाही. मोबाइल दहा फुटांवर, आणि आवाजही त्याच मोबाइलच्या माइकवर घेतलेला. दुसरं काय होणार! घरी छोट्या स्क्रीनवर हे खपून जातं, पण छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासारख्या ठिकाणी मोठ्या स्पीकरवर मागच्या कूलरची घरघरसुद्धा उघडी पडते.

हजार रुपयांच्या आसपास मिळणारा बोया बीवाय-एम१ हा कपड्याला लावायचा माइक त्यावरचा स्वस्तातला इलाज आहे. वायर ६ मीटर, टोकाला ३.५ मिमीची पिन, मध्ये एक डबी. डबीवरचं बटण मोबाइलला जोडताना ‘ऑफ/स्मार्टफोन’वर ठेवायचं, तेव्हा सेल लागतच नाही. कॅमेऱ्याला जोडलं तरच ‘कॅमेरा’वर न्यायचं, तेव्हा आतला एलआर४४ सेल लागतो. काम झाल्यावर बटण तसंच राहिलं की सेल उतरतो. हा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो, दोन जादा ठेवा.

फोनला गोल पिनेची जागा नसेल तर टाइप-सीचं कनेक्टर लागतं. खरी गडबड इथंच होते, कारण काही कनेक्टर फक्त ऐकण्यापुरते असतात. माइक लावलेला दिसतो, पण रेकॉर्डिंग फोनच्याच माइकवर होतं. म्हणून रेकॉर्डिंग चालू करून माइकच्या तोंडावर नखानं हलकं खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर खरवडा, आणि ऐका. माइकवरची खरखर मोठी आली तरच पुढं जा.

चांगली पद्धत दोन फोनची. एक चित्रासाठी, दुसरा नटाच्या खिशात, माइक त्याला जोडलेला. खिशातला फोन विमान मोडवर, रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये फाइलचा प्रकार वेव्ह (WAV), सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी; एडिटिंगमध्ये तिच्यावरच आवाज जुळवायचा. टेक लांबला की ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात, कारण मोबाइलच्या व्हिडिओचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, बहुतेक वेळा स्थिर नसतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल आधी बदलून घ्या.

माइक हनुवटीखाली एक वीत. बाईच्या पदराखाली लावला तर मंगळसूत्राचे मणी त्यावर घासतात आणि हलकी टकटक संवादभर राहते. नंतर ती काढता येत नाही. माइक मण्यांपासून चार बोटं बाजूला सरकवा, वर-खाली दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी लावा, वायरीचा एक छोटा वेढा पट्टीखालीच दाबा म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. नायलॉनची साडी फार सळसळते, सुती बरी. गड्याच्या खांद्यावर उपरणं असेल तर त्याची घडी ही सगळ्यात उत्तम जागा.

सोबत येणारी स्पंजची टोपी घरात ठीक. उघड्या शिवारात तिचा काही उपयोग नाही, केसाळ कव्हर वेगळं घ्यावंच लागतं.

हा माइक चहूबाजूंचं ऐकतो, त्यामुळे जागा आधी गप्प करावी लागते. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्टार्टर असेल तर लाइट आली की ती आपोआप सुरू होते आणि रंगात आलेला टेक वाया जातो. शेतकऱ्याला विचारून तो आधी बंद करून घ्या, निघताना आठवणीनं चालू करा. त्याचं पाणी अडायला नको. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, कॅमेऱ्याबाहेरच्या भिंतींवर वाकळा टांगा. आणि प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प बसवून ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. संवाद कापल्यावर मध्ये पडणारी भोकं त्यानंच बुजतात.

चौघं पारावर बसून एकमेकांचं बोलणं तोडत असतील, तिथं मात्र हा पुरत नाही. एका फोनला एकच माइक, आणि प्रत्येकात चौघांचा आवाज मिसळतो. तिथं लांब काठीला लावून डोक्यावर धरायचा बूम माइक भाड्यानं आणा, आणि असे सगळे प्रसंग एकाच दिवसात लावा, म्हणजे भाडं एका दिवसाचंच पडेल.