सीडीसीचं ‘माइलस्टोन ट्रॅकर’ अ‍ॅप: तान्ह्या बाळासाठी किती कामाचं?

अमेरिकेतल्या मराठी घरांत बाळ आलं की फोनवर हे अ‍ॅप येतंच. बाळाच्या विकासाचे टप्पे (माइलस्टोन) वयानुसार तपासायच्या याद्या त्यात असतात. सीडीसी या अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचं म्हणजे सरकारी आहे, फुकट आहे, प्रत्येक मुद्द्याला फोटो किंवा व्हिडिओ आहे. मराठी मात्र नाही, इंग्रजी आणि स्पॅनिश एवढंच. दुसरी अडचण जास्त मोठी: पहिली यादीच 2 महिन्यांची आहे. बाळंतीण घरी आल्यापासून दीड-दोन महिने अ‍ॅप जवळजवळ गप्प असतं.

त्या काळात बघायचं ते वजन. पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते, पण ती साधारण 10 ते 14 दिवसांत भरून निघायला हवी. पुढे पहिले तीन महिने रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. अ‍ॅपमध्ये वजनाचा किंवा डोक्याच्या घेराचा आलेखच नाही. या बाबतीत आपल्याकडे अंगणवाडीत मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड सरस ठरतं. त्यात मुलांसाठी निळा आणि मुलींसाठी गुलाबी असे वजनाचे आलेख असतात.

2 महिन्यांची यादी मात्र नेमकी आहे. बोललं की बाळ हसतं का, पालथं घातलं की डोकं उचलतं का, दोन्ही हात आणि दोन्ही पाय हलवतं का, मुठी थोडा वेळ उघडतं का, असे 11 मुद्दे. ‘हो’, ‘नक्की नाही’ आणि ‘अजून नाही’ यांतून एक निवडायचं. गडबड इथेच होते, कारण लोक आठवून टिक करतात. डोकं उचलणं बघायचं तर बाळ जागं असावं, पोट रिकामं किंवा नुकतंच भरलेलं नसावं, खाली घट्ट चटई हवी. मऊ गादीत नाक रुततं आणि बाळ लगेच रडतं. आवाजाला दचकतं का हे दार आपटून बघू नका. हादरा आणि वारा यांनीही बाळ दचकतं. आजीने समोर येऊन खुळखुळा वाजवला तर बाळ तो डोळ्यांनीच टिपतं. खरं उत्तर ओएई या, कानात बारीक आवाज सोडून कानाचा प्रतिसाद मोजणाऱ्या श्रवणचाचणीतून मिळतं, आणि ती पहिल्या महिन्यातच झालेली हवी.

2022 मध्ये याद्या बदलल्या. आता एखादी गोष्ट त्या वयाच्या किमान 75 टक्के मुलांना येत असेल तरच ती यादीत घेतात. आधीचा आधार साधारण निम्म्या मुलांचा होता. त्यामुळे ‘अजून नाही’ला आता वजन आहे. ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलले’ म्हणून ते बाजूला सारू नये. याच बदलात रांगणं यादीतून गेलं, म्हणून सासरमाहेरचे फोन वाढतील. पण न रांगता थेट उभी राहणारी मुलं असतातच.

बाळ दिवस भरण्याआधी झालं असेल तर वय 40 आठवड्यांपासून मोजा. 32 व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे 8 आठवडे वजा करायचे, म्हणजे चार महिन्यांच्या बाळाला 2 महिन्यांचीच यादी लागू. अ‍ॅपने कोणती यादी उघडली आहे ते डोळ्यांनी तपासा.

घरात मराठी असेल तर पुढच्या याद्यांत ‘मामा-डाडा’च्या जागी ‘आई-बाबा’ चालतं, हात हलवून ‘टाटा’ही. कोणत्याही भाषेतला शब्द मोजा.

हे अ‍ॅप म्हणजे निदान नव्हे, डॉक्टरांकडची अधिकृत विकासचाचणीही नव्हे. ती 9, 18 आणि 30 महिन्यांना वेगळी होते. शंका आली तर अ‍ॅपमधला सारांश भेटीआधी डॉक्टरांना पाठवा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी अमेरिकेत राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेवेला (विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांना लवकर मदत देणारी सेवा) पालक थेट फोन करू शकतात. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि तपासणी मोफत असते. महाराष्ट्रात हेच काम जिल्हा रुग्णालयांमधली डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) केंद्रं करतात.