गांधीलमाश्या दिसतायत का, ते आधी बघा

इटालियन चित्रकार बॉटिचेल्लीच्या 'व्हीनस आणि मार्स'ची, म्हणजे प्रेमाची देवी आणि युद्धाचा देव यांच्या चित्राची, प्रिंट मला दोनदा मागवावी लागली. पहिल्या विक्रेत्याने तयार फ्रेममध्ये बसावी म्हणून दोन्ही बाजू छाटल्या होत्या. मूळ चित्र जेमतेम ६९ सेंटिमीटर उंच आणि १७३ सेंटिमीटर लांब आहे. उजवी कड गेली की मार्सच्या डोक्याशी घोंघावणाऱ्या गांधीलमाश्याच गेल्या! इटालियनमध्ये गांधीलमाशीला 'व्हेस्पा' म्हणतात, त्यामुळे चित्र फ्लॉरेन्सच्या व्हेस्पुची घराण्यासाठी काढलं असावं, असा एक तर्क आहे. मला त्या माश्यांत प्रेमाचा डंख दिसतो.

दुसरी प्रिंट पूर्ण आली, आणि मॅट कागदावर. कॅनव्हास घेऊ नका. साधारण १४८५ सालचं हे चित्र लाकडी फळीवर रंगवलेलं आहे. त्याच्या केसासारख्या बारीक रेषा कॅनव्हासच्या विणीत हरवतात.

आता ते रोज समोर असतं. मर्टलच्या झाडीत मार्स असा गाढ झोपलाय की कानाशी शंख फुंकला तरी हलत नाही. बकऱ्याच्या पायांची सॅटर पोरं त्याचा भाला पळवतायत, एकाने शिरस्त्राण घातलंय, एक चिलखतात शिरलाय. प्रेमापुढे युद्ध निःशस्त्र होतं, हा नेहमीचा अर्थ. मला तो पुरत नाही. मी भरतकाम करते, त्यामुळे माझी नजर आधी व्हीनसच्या झग्यावर गेली. मार्स उघडा आणि ही गळ्यापासून पावलांपर्यंत कपड्यांत, एकेक चुणी जागेवर. ती सावरून बसली आहे, टक्क जागी. तिच्या चेहऱ्यावर मला विजय दिसत नाही. जवळचं माणूस झोपून गेल्यावर आपण एकटेच जागे उरतो, ती वेळ दिसते. झाडी दोघांच्याही मागे दाट आहे, फक्त मधे फट आहे आणि तिच्यातून लांबवर मोकळं रान दिसतं. ती फट मला त्या दोघांमधलीच वाटते.

प्रिंटमध्ये उणीव एकच, झग्याच्या सोनेरी काठाला चमक नाही, तो नुसता पिवळट आलाय. कागद गुंडाळून येतो, दोन दिवस वजनाखाली ठेवला की सरळ होतो. लावताना खाली, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असा लावा. पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून उजव्या कडेचा फोटो मात्र मागून घ्या.